फॉरेनची मुलगी आणि मिलोची भाकरी

माझ्या शुद्धलेखनाला कुणी हसू नये. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत जेवढं कळत होतं तेवढंच आजही कळतं, आणि अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी कागदावरून चालत गेल्यासारखं. चौथीनंतर माझं लिहिणं म्हणजे वाणसामानाची यादी आणि माहेरी वर्षातून दोन पोस्टकार्डं. ही वही साड्यांच्या घडीखाली राहणार आहे, तरी चुकून कुणाच्या हाती लागलीच तर आधीच माफी मागून ठेवते. लिहायचं मात्र आहे, कारण ही गोष्ट मी आजवर कुणाला धडपणे सांगितलेली नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते.

तेव्हा तर फारच. लग्नाला सहा वर्षं झाली होती, तरी नगरच्या आमच्या गल्लीत माझा आवाज ऐकलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. माझ्या सासूबाई मूळच्या पाथर्डीकडच्या, बोलायला मोकळ्या. त्या शेजारणीला सांगायच्या, "आमची सून घरात हाय का न्हाई ते भांड्याच्या आवाजावरून वळखायचं."

आमचे हे ट्रेनिंग कॉलेजात शिपाई होते. शाळामास्तर आणि मास्तरणी तयार करायचं ते कॉलेज. एक दिवस हे घरी आले आणि पायातल्या चपला न काढताच म्हणाले, "आपल्याकडं फॉरेनची मुलगी राहायला येणार आहे. एक वर्षाचा कोर्स आहे तिचा. होस्टेलात जागा नाही. मोठ्या सरांनी विचारलं आणि मी हो म्हणून आलो. जेवणासकट महिन्याला सत्तर रुपये."

माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. सासूबाई म्हणाल्या, "गोरी? आपल्या घरात? ती काय खाती?"

"पाव," हे म्हणाले.

मग तयारी सुरू झाली. रस्त्याकडची खोली रिकामी केली. लोखंडी पलंग आला, गादी आली, टेबल-खुर्ची आली, टेबलफॅन आला. काटे-चमचे आले. बेकरीवाल्याला रोजच्या पावाचं सांगून झालं. आणि यांना कुणीतरी सांगितलं की त्या लोकांना खाली बसता येत नाही. म्हणून यांनी सुताराकडून एका लाकडी खुर्चीच्या बैठकीला मधोमध गोल भोक पाडून घेतलं आणि ती संडासात नेऊन ठेवली.

या सगळ्याला चारशे रुपये लागले. ते दिले वन्संनी. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. त्यांच्या यजमानांची बांधकामाची कंत्राटं होती आणि सावेडीला त्यांचा नवा बंगला झाला होता. पैसे देताना वन्सं म्हणाल्या, "गुढीपाडव्याच्या आत परत हवेत. भावाला दिले म्हणजे सोडून दिले असं नाही."

जूनमध्ये हे तिला आणायला टांगा घेऊन स्टँडवर गेले. आम्ही दोघी दारात ओवाळायचं ताट घेऊन उभ्या. टांगा थांबला आणि एक मुलगी उतरली. माझ्यापेक्षा सावळी, लांब वेणी, कपाळाला कुंकू, अंगावर साधी सुती साडी. तिने येऊन सासूबाईंच्या पायांना हात लावला. सासूबाई तिच्या डोक्यावरून टांग्यात बघत म्हणाल्या, "ही कोन? फॉरेनची कुठं हाय?"

"मीच," ती म्हणाली.

ती मॉरिशसची होती. तिचा पणजोबा कोकणातून बोटीने तिकडे ऊस तोडायला गेला होता आणि तिथेच राहिला. तिचे वडील अजून उसाच्या गिरणीत कामाला होते. घरात मराठी बोलत, पण ती मराठी बोटीतून गेली तशीच राहिलेली, आणि त्यात तिकडचे शब्द मिसळलेले. तिला मोठ्यांना 'तुम्ही' म्हणतात हे ठाऊक नव्हतं. ती सासूबाईंना म्हणाली, "आजी, तू बस. तू दमली." सासूबाई बसल्या.

घर बघून झाल्यावर तिने यांना विचारलं, "दादा, संडासात एक खुर्ची आहे. ती मोडली का?"

"मला कॉलेजला उशीर होतोय," असं म्हणून हे बाहेर गेले. तो रविवार होता.

पहिल्या दिवसापासून ती आमच्याबरोबर पाटावर जेवायला बसली. पाव दोन दिवस घेऊन बेकरीवाल्याला बंद करायला सांगितलं. काटे डब्यात गेले. फॅनसमोर दुपारी सासूबाई झोपू लागल्या. त्या भोकाच्या खुर्चीचाही उपयोग झाला. सासूबाईंचे गुडघे धरलेले होते. एकदा त्यांनी ती वापरून बघितली आणि मग कुणाला हात लावू दिला नाही. म्हणाल्या, "लेकानं पैलांदा आईसाटी कायतरी केलं, तेबी चुकून."

मला वाटलं होतं की तिच्यापुढे माझं तोंडच उघडणार नाही. पण तीही कॉलेजात गप्प असायची. तिचं बोलणं ऐकून बाकीच्या मुली हसायच्या, म्हणून ती वर्गात मान खाली घालून बसायची. संध्याकाळी ती माझ्याजवळ चुलीपाशी येऊन बसे. दोन मुक्या एकत्र आल्या की कुणालातरी बोलावंच लागतं. आधी शब्दांपासून सुरू झालं: ही पळी, हे उलथणं, हे शिंकं. मग ती तिच्या आईचं सांगू लागली, मी माझ्या माहेरचं. मी बोलत असताना कुणी आपलं काम थांबवून माझ्याकडे बघतंय, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

तिचं असं ठरलेलं होतं: वर्षाच्या शेवटी परीक्षा पास झाली की तिकडच्या शाळेत मराठीची मास्तरीण. घरातलं पहिलं माणूस, जे उसात जाणार नव्हतं. परीक्षा पाडव्यानंतर पंधरा दिवसांनी होती.

दिवाळीपर्यंत तिचे पैसे वेळेवर आले. त्यातून वन्संचे दीडशे फिटले, अडीचशे राहिले. मग तिच्या घरून पत्र आलं. वडिलांचा हात गिरणीच्या यंत्रात सापडला होता. जीव वाचला, पण काम गेलं. पैसे येणार नव्हते. बोटीचं परतीचं तिकीट तेवढं आधीच काढलेलं होतं.

ती पत्र घडी करून म्हणाली, "वहिनी, मी परत जाते."

मी म्हणाले, "जेव आधी."

महिनाभर आम्ही कुणाला कळू दिलं नाही. पण वन्संना कळलंच. त्या एका दुपारी आल्या, पंख्यासमोर बसल्या आणि यांना म्हणाल्या, "धर्मशाळा काढलीस का रे? फुकट खायला घालायला तू कोण, शेठ? आमच्या ह्यांचे मुनीम खोली शोधताहेत. शंभर रुपये द्यायला तयार आहेत. पाडव्याला एक तर माझे अडीचशे इथं ठेवायचे, नाहीतर खोली मोकळी करायची. त्या मुलीला म्हणावं, जा तुझ्या देशाला."

ती मुलगी आतल्या दाराआड उभी होती. यांनी मान खाली घातली. सासूबाई लेकीपुढे पदराची सुतं ओढू लागल्या. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "ती परीक्षा देऊन जाईल."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणून मला कळलं की ते मीच बोलले.

"आणि माझे पैसे?" वन्सं म्हणाल्या.

"तेही मिळतील. पाडव्याला."

"तू देणार?" वन्सं हसल्या. "तू तर दुकानात मीठ मागताना लाजतेस."

ते खरंच होतं. पैसे कुठून आणायचे याचा मला काहीएक पत्ता नव्हता. त्या गेल्यावर मी मोरीत जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. बाजरी दिसेना, ज्वारी परवडेना. रेशनवर मिलो मिळायची. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी ती. तिची भाकरी थापायला घेतली की कडा फुटायच्या, तव्यावर टाकताना हातात तुकडे यायचे, आणि जी कशीबशी भाजली जाई ती दोन तासांत कवलासारखी कडक होई. सगळं नगर त्या मिलोला शिव्या घालत होतं. आमचे हे डब्यात भाकरी न्यायचे तर झाकण उघडल्यावर भुगा निघायचा.

वन्सं येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या तीन भाकऱ्या ओळीने मोडल्या. मी पिठाचा गोळा परातीत आपटला. ती मुलगी बाजूला पुस्तक घेऊन बसली होती. म्हणाली, "माझी आजी आधी पाणी उकळते. मग पाण्यात पीठ."

"ते तांदळाचं असेल," मी म्हणाले. आमच्याकडे उकड काढून भाकरी करत नाहीत. बाजरी, ज्वारी म्हणजे पीठ परातीत घ्यायचं, पाणी घालून मळायचं आणि थापायचं. पिढ्यान् पिढ्या तसंच.

"हो, तांदूळ. पण कधी तांदूळ नसतो, तेव्हा मका पण."

ती उठली. पातेल्यात पाणी ठेवलं, मीठ टाकलं, उकळी फुटल्यावर पीठ ओतलं, उलथण्याने हलवलं आणि वर झाकण ठेवून पातेलं खाली उतरवलं. थोड्या वेळाने ती उकड परातीत काढली आणि पाण्याचा हात लावत गरम गरमच मळायला लागली. तिचे हात लाल झाले. मी तो गोळा घेतला आणि थापला. कड फुटली नाही. उचलला, तव्यावर टाकला, मोडला नाही. आणि निखाऱ्याला लावल्यावर ती लाल भाकरी फुगली. टम्म.

सासूबाई पाठीमागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी भाकरीचा पापुद्रा काढून बघितला, तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "धान्यबी फॉरेनचं, पोरबी फॉरेनची. येकमेकींना बराबर वळखलं!"

संध्याकाळी मी सकाळची एक भाकरी मुद्दाम काढून बघितली. मऊ होती. घडी घातली तरी तुटेना.

त्या रविवारी यांचा एक गाववाला आला. नागापूरला नवे कारखाने निघत होते, तिथल्या एका वर्कशॉपमध्ये तो लागला होता, आणि आणखी दोघांबरोबर खोली करून राहत होता. तो जेवायला बसला आणि भाकरी बघून म्हणाला, "वहिनी, ही मिलोच का? आमच्या खानावळीत मिलोची भाकरी पळीनं वाढतात हो!"

सगळे हसले. मी आत होते. हसू संपायच्या आत मला जे सुचलं ते मी त्या मुलीच्या कानात सांगितलं. ती बाहेर गेली आणि त्याला म्हणाली, "वहिनी म्हणते, तू आणि तुझे दोन मित्र रेशनकार्ड आणून दे. धान्य तुझं. भाकरी, आमटी, चटणी वहिनीची. रोज डबा येणार. महिन्याला पंधरा रुपये."

तो यांच्याकडे बघायला लागला. हे माझ्याकडे. मी मान हलवली.

असे तीन डबे सुरू झाले. भांडवल म्हणून माझ्याकडे काही नव्हतं, पण त्यांचं धान्य त्यांच्याच कार्डावर आणायचं असल्यामुळे भांडवल लागलंही नाही. डाळ, मिरची, शेंगदाणे तेवढे माझे. पहाटे आम्ही दोघी उठायचो. ती उकड काढायची, मी थापायची. हे कॉलेजला जायच्या आधी सायकलवरून नागापूरला डबे देऊन यायचे. संक्रांतीपर्यंत तीनाचे आठ झाले. मी रेशनच्या रांगेत आठ कार्डं घेऊन उभी राहू लागले. पहिल्या दिवशी पदर दातात धरला होता. तिसऱ्या खेपेला मागची बाई मध्ये घुसली तर मी तिला म्हणाले, "बाई, रांग मागून आहे." मलाच नवल वाटलं.

उकड मळताना तिचा अभ्यास चालायचा. परीक्षेत तिला वर्गासमोर पाठ घ्यायचा होता, आणि त्याचीच तिला सगळ्यांत भीती होती. मी म्हणाले, "आमच्यावर घे." मग सासूबाई आणि मी तिचा वर्ग झालो. परातीत पीठ पसरून त्यात बोटाने ती अक्षरं काढायची आणि आम्हाला वाचायला लावायची. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या मुद्दाम चुकायच्या.

"आजी, तू लक्ष देत नाही," ती म्हणायची.

"छड्या मार की मग. बघू तर फॉरेनची छडी."

पण फेब्रुवारीत सासूबाईंनी पिठात स्वतःचं नाव काढलं, आणि ते पुसून भाकरी करायला आम्हाला दहा मिनिटं परवानगी दिली नाही.

मग हे तापाने पडले. सकाळी डबे भरून तयार आणि न्यायला माणूस नाही. अकरा डबे होते तेव्हा. एक दिवस चुकला तर खानावळ आहेच, लोक परत तिकडे जाणार. ती मुलगी म्हणाली, "वहिनी, मी नेते." पण त्या दिवशी तिचा कॉलेजात सरावाचा पाठ होता.

मी दोन पिशव्या घेतल्या आणि मनमाड रस्त्याने जाणाऱ्या एसटीत बसले. तोवर मी एकटी एसटीत कधी बसले नव्हते. नागापूरला उतरून विचारत विचारत त्या वर्कशॉपच्या फाटकाशी गेले. वॉचमनने विचारलं, "कुठल्या खानावळीचे डबे?"

"खानावळ नाही," मी म्हणाले.

"काय? मोठ्यानं बोला बाई, मशीन चालू आहे!"

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि जन्मात ओरडले नव्हते एवढ्या मोठ्याने ओरडले, "खानावळ नाही! माझे डबे आहेत! माझे!"

नेमकी त्याच वेळी मशीन थांबली. आतली सगळी माणसं खिडक्यांशी आली. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. एवढ्यात आतून एकजण ओरडला, "अरे, ह्याच त्या मिलोवाल्या वहिनी!" आणि लोक बाहेर आले. कुणी म्हणे माझं कार्ड घ्या, कुणी म्हणे माझ्या भावाचं घ्या. मी जाताना अकरा डबे नेले होते. येताना पिशवीत सात नवी कार्डं होती. एसटीत मी खिडकीजवळ बसले आणि कंडक्टरने विचारायच्या आत म्हणाले, "एक नगर."

घरी आले तर ती मुलगी दारात उभी. तिचा पाठ चांगला झाला होता. म्हणाली, "मुली हसल्या नाहीत. मला वाटलं समोर आजी बसली आहे, मग मला रागावता आलं." मी तिला कार्डं दाखवली. आम्ही दोघी तिथेच उंबऱ्यावर बसून हसत राहिलो. आतून हे तापातच विचारत होते, "काय झालं? डबे सांडले का?"

ती परीक्षेला बसली आणि पहिल्या वर्गात पास झाली, हे इथेच सांगून टाकते, कारण मला शेवट दुसऱ्या गोष्टीने करायचा आहे. ती बोटीने परत गेली आणि तिकडच्या शाळेत मास्तरीण झाली. तिची पत्रं येतात. पत्रात सासूबाईंना 'आजी, तू कशी आहेस' असंच असायचं, आणि सासूबाई होत्या तोवर ते पत्र त्या स्वतः वाचायच्या, एक एक अक्षर जुळवत, कुणाची मदत न घेता.

तर पाडव्याच्या आदल्या दिवशी मी सावेडीला गेले. हे येतो म्हणाले होते, मी नको म्हटलं. चालत गेले. कमरेच्या पिशवीत अडीचशे रुपये होते. कामगारांनी दिलेल्या एकेकाच्या, दोन-दोनच्या नोटा, काही नोटांना ग्रीसचे डाग. वन्सं व्हरांड्यात बसल्या होत्या. मला एकटीला बघून म्हणाल्या, "काय गं? खोली मोकळी करायला मुदत हवी?"

मी नोटा त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी मोजल्या. परत मोजल्या. एक नोट नाकाशी नेली. "तेलाचा वास येतोय."

"कारखान्यातला आहे," मी म्हणाले. "कष्टाचा."

त्यांनी नोटांची चळत नीट लावली. मग आवाज बदलून म्हणाल्या, "अगं, मुनीम सांगत होते, तुझ्या भाकरीचं नाव झालंय म्हणे. आमच्या ह्यांच्या साइटवर दहा गवंडी आहेत. त्यांचेही डबे देशील का?"

"देईन की, वन्सं. पंधरा रुपये महिना, आणि कार्डं. पैसे आगाऊ घेते."

"माझ्याकडूनही?"

"सगळ्यांकडून."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी आत्ताच लग्न होऊन घरात आले आहे. मग हसल्या, आणि या वेळी ते हसणं वेगळं होतं. मी उठले नाही. म्हणाले, "वन्सं, तेवढं लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"पैसे मिळाले म्हणून."

त्यांनी आतून कागद आणला, लिहिलं आणि माझ्या हातात दिला. मी तो तिथेच व्हरांड्यात उभी राहून वाचला. मनात नाही, मोठ्याने, रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल असा: "चारशे रुपये पूर्ण मिळाले. आता काही येणे नाही."